एक वर्षाची विज्ञान पदविका करून पुढे शिकायचे आहे? मग या चुका टाळा

बी.एस्सी. झाल्यावर एक वर्षाची पदविका करायची आणि तिच्या आधारे एम.एस्सी., परदेशातील मास्टर्स किंवा संशोधनाकडे वळायचे, हा विचार नाशिकमध्ये आता अनेक घरांत होऊ लागला आहे. आरवायके किंवा केटीएचएमसारख्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भौतिकशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना या वाटेचा खरोखर फायदा होऊ शकतो. अडचण येते ती निवडीच्या क्रमामुळे. बहुतेक जण आधी पदविकेला प्रवेश घेतात आणि पुढच्या अभ्यासक्रमाची पात्रता नंतर वाचतात. हा क्रम उलटा हवा. पुढे कोणता अभ्यासक्रम करायचा आहे, त्याची पात्रतेची अट नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिली आहे, आणि आपली पदविका त्या शब्दांत बसते का, हे तीन प्रश्न शुल्क भरण्याआधीच सोडवले पाहिजेत.

एम.एस्सी.चे पहिले वर्ष आणि स्वतंत्र पदविका यांची गल्लत

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.एस्सी.तून पहिले वर्ष पूर्ण करून, म्हणजे साधारण ४० ते ४४ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर ठरणारे श्रेयांक) मिळवून, बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर पदविका मिळते, आणि तोच अभ्यासक्रम पुढे चालू ठेवून एम.एस्सी. पूर्ण करण्याची सोय त्याला असते. याउलट अन्न विश्लेषण, औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रण, जैवमाहितीशास्त्र अशा विषयांच्या स्वतंत्र पदव्युत्तर पदविका असतात. त्यांचा कालावधीही एकच वर्षाचा आणि नावही जवळपास तेच असते, पण त्या पूर्ण केल्यावर एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश आपोआप मिळत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील प्रयोगशाळेत, वायनरीत किंवा अन्नप्रक्रिया उद्योगात नोकरी मिळवण्यासाठी अशी पदविका चांगलीच उपयोगी पडते, आणि ज्याला नोकरी हवी आहे त्याने ती जरूर करावी. मात्र एम.एस्सी.चे एक वर्ष वाचेल या समजुतीने ती केली, तर वाचायचे सोडाच, उलट एक वर्ष जास्तीचे जाते.

प्रवेश घेताना विभागप्रमुखांना एकच प्रश्न लेखी विचारावा: ‘या अभ्यासक्रमाचे क्रेडिट एम.एस्सी.ला धरले जातात का, आणि धरले जात असतील तर कोणत्या विषयाच्या एम.एस्सी.ला?’ तोंडी मिळालेले ‘होईल काहीतरी’ हे उत्तर मानू नये. एका विद्यापीठातून पहिले वर्ष करून दुसरे वर्ष दुसऱ्या विद्यापीठात करायचे असेल, तर तेथील अभ्यासक्रमाशी विषय जुळणे आणि जागा शिल्लक असणे या दोन्ही गोष्टी लागतात.

येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही एक सूचना आहे. बी.एस्सी.चे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास मिळते ते प्रमाणपत्र. पदविका दोन वर्षांनी आणि पदवी तीन वर्षांनी मिळते. एका वर्षावर पदविका मिळेल या समजुतीने मधेच थांबू नये.

कमी गुण पदविकेने भरून निघतील ही आशा

बी.एस्सी.ला ५० टक्के मिळाले, पदविकेला ७५ मिळवू, म्हणजे प्रवेश सोपा होईल, असे अनेकांना वाटते. आपल्याकडील प्रवेशाच्या अटीत पदवीचे किमान गुण मागितलेले असतील, तर पदविकेचे गुण त्या जागी धरले जात नाहीत. अशा वेळी आयआयटी जॅमसारख्या प्रवेश परीक्षेची तयारी आणि त्या-त्या संस्थेची गुणांची अट याच गोष्टी निर्णायक ठरतात.

न्यूझीलंडसारख्या देशांत मात्र चित्र वेगळे आहे. पदवीचा विषय बदलून पुढच्या अभ्यासाला लागणारा पाया घालायचा असेल, तर तेथील विद्यापीठांत एक वर्षाच्या पदविकेची सोय आहे, आणि त्या पदविकेतील श्रेणी मास्टर्सच्या प्रवेशात पाहिली जाते. म्हणूनच तेथे प्रत्येक विषयाची निवड जपून करावी लागते.

परदेशातील पदविकेचा स्तर न पाहणे

न्यूझीलंडच्या शैक्षणिक चौकटीत दहा स्तर आहेत. पदवी सातव्या स्तरावर, मास्टर्स नवव्या आणि पीएच.डी. दहाव्या स्तरावर आहे. ग्रॅज्युएट डिप्लोमा सातव्या स्तरावर म्हणजे पदवीच्याच पातळीवर असतो, तर पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा आठव्या स्तरावर. दोन्हींना १२० क्रेडिट लागतात आणि दोन्ही पूर्णवेळ अभ्यासाने एका वर्षात होतात, म्हणून माहितीपत्रकावर त्या सारख्याच दिसतात. पहिला डिप्लोमा मुख्यतः विषय बदलणाऱ्यांसाठी आहे, दुसरा आपल्याच विषयात मास्टर्सकडे जाणाऱ्यांसाठी. रसायनशास्त्राचा चांगला पदवीधर रसायनशास्त्रातच मास्टर्स करणार असेल, तर त्याने ग्रॅज्युएट डिप्लोमात पैसे घालण्याआधी आपल्याला थेट आठव्या स्तरावर प्रवेश मिळतो का, हे विचारून घ्यावे.

आता विषय निवडताना होणारी चूक पाहू. ग्रॅज्युएट डिप्लोमाच्या १२० क्रेडिटपैकी किमान ७२ क्रेडिट सातव्या किंवा त्याहून वरच्या स्तराचे असावे लागतात. एक विषय १५ क्रेडिटचा धरला, तर वर्षाला आठ विषय होतात आणि त्यांतले किमान पाच सातव्या स्तराचे हवेत, कारण चार विषयांचे ६० क्रेडिटच होतात. आता रसायनशास्त्रातून संख्याशास्त्राकडे वळणारी विद्यार्थिनी घ्या. तिसऱ्या वर्षाच्या पातळीचे, म्हणजे सातव्या स्तराचे विषय घेण्यासाठी लागणारा पूर्वअभ्यास तिच्याकडे नाही, म्हणून ती पहिल्या सत्रात चारही विषय खालच्या स्तराचे घेते. दुसऱ्या सत्रात तिला सातव्या स्तराचे जास्तीत जास्त चारच विषय घेता येतात. गणित तिथेच चुकते, आणि तिसऱ्या सत्राचे शुल्क व राहण्याचा खर्च अंगावर येतो. आठही विषयांची यादी, त्यांचे स्तर आणि प्रत्येकाचा पूर्वअभ्यास एका कागदावर मांडून तो विद्यापीठाच्या विज्ञान शाखेच्या सल्लागाराकडून नाशिकमध्ये असतानाच मंजूर करून घेतला, तर हा प्रसंग येत नाही. एजंटाने दिलेली यादी या कामासाठी पुरेशी मानू नये.

ब्रिटनमध्ये पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा १२० क्रेडिटचा आणि मास्टर्स १८० क्रेडिटचे असते. उरलेले ६० क्रेडिट बहुधा प्रबंधाचे असतात. पदविका घेऊन थांबलेल्या विद्यार्थ्याला नंतर प्रबंध करून मास्टर्स पूर्ण करता येईल का आणि किती काळात, हे मात्र त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असते.

सोळा वर्षांचा हिशेब

अमेरिकेतील काही विद्यापीठे मास्टर्ससाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. बारावीपर्यंतची बारा, बी.एस्सी.ची तीन आणि पदविकेचे एक अशी बेरीज जुळते खरी, पण ते सोळावे वर्ष मान्य होण्यासाठी पदविका मान्यताप्राप्त विद्यापीठाची असावी लागते. खासगी संस्थेच्या वर्गांना वर्षभर जाऊन मिळालेले प्रमाणपत्र येथे चालत नाही. दूरस्थ पद्धतीने पदविका करायची असेल, तर त्या अभ्यासक्रमाला त्याच शैक्षणिक वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे का, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत पाहावे.

काही पदविका अशा आहेत की त्यांना पर्यायच नाही. कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व्हायचे असेल, तर रेडिओलॉजिकल फिजिक्सचे (वैद्यकीय किरणोत्सर्गाच्या भौतिकशास्त्राचे) औपचारिक शिक्षण लागतेच. भाभा अणुसंशोधन केंद्रातील याच विषयाची एक वर्षाची पदविका एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतरची आहे, त्यामुळे बी.एस्सी.नंतर लगेच तिच्या मागे लागून उपयोग नाही.

कागदपत्रे

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते, आणि आईचे नाव वेगळे छापलेले असते. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव यांचे रकाने वेगळे असतात, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. शिवाय कुठे ‘बाळासाहेब’ तर कुठे ‘बाळू’ असे वडिलांचे नाव दोन तऱ्हांनी लागले की परदेशी विद्यापीठ हमखास खुलासा मागते, आणि क्रेडिट बँकेतील (विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेतील) खाते आधारशी जुळत नाही. क्रेडिट डिजिलॉकरमध्ये दिसत नसतील, तर आधी नाव आणि जन्मतारीख तपासावी. तेथे सारे बरोबर असूनही क्रेडिट नसतील, तर ते चढवण्याचे काम संस्थेचे असते, म्हणून महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, त्यामुळे मधे नोकरी करणाऱ्यांनी ही मुदत नोंदवून ठेवावी.

ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून मिळते आणि निकालाच्या हंगामात त्याला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या बऱ्याच आधी ते मागवावे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात. पदविका सुरू होण्याआधी परीक्षा दिली असेल, तर मास्टर्सच्या अर्जापर्यंत ती मुदत टिकते का, हे पाहावे.

अडकल्यावर काय करावे

पदविकेचा निकाल लांबला आणि पुढच्या प्रवेशाची तारीख आली, तर दोन्हीकडे एकाच दिवशी पत्र द्यावे. परीक्षा विभागाकडून निकाल प्रलंबित असल्याचे पत्र मागावे आणि नव्या संस्थेकडे सशर्त प्रवेशाची विनंती करावी. पत्रासोबत आतापर्यंतच्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडाव्यात. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास ती गोष्ट अर्जात लपवू नये, कारण ट्रान्स्क्रिप्टवर ती दिसतेच. पुनर्परीक्षेची तारीख कळवलेली असेल, तर अनेक संस्था थांबायला तयार होतात. परदेशातील पदविका घेऊन भारतात परतायचे असेल, तर समकक्षतेचा, म्हणजे ती येथील कोणत्या पात्रतेच्या बरोबरीची धरायची हा प्रश्न निघण्याआधीच अभ्यासक्रमाचा आराखडा, क्रेडिटची विभागणी आणि प्रवेशाची पात्रता दाखवणारी अधिकृत कागदपत्रे तेथून घेऊन यावीत. परतल्यावर ती नाशिकमध्ये बसून मागवणे फार वेळखाऊ ठरते.