गिरणीतल्या पणजोबांचा माग काढताय? या चुका टाळा

पणजोबा मुंबईत गिरणीत होते आणि गाव साताऱ्याकडचं किंवा कोकणातलं, एवढ्याच भांडवलावर वंशावळ शोधायला निघालेली माणसं हल्ली फार भेटतात. कुणाला जात पडताळणीसाठी कागद हवा असतो, कुणाला गिरणी कामगारांच्या घरासाठी वारस सिद्ध करायचा असतो, कुणाला नुसती हौस. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच. फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आडनावाने शोधणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात हट्टी चूक. संकेतस्थळावर आडनाव टाकायचं, काही आलं नाही की "आमचं रेकॉर्ड जळालं" म्हणून मोकळं व्हायचं. अहो, जळालेलं नाही, तुम्ही चुकीच्या दाराशी उभे आहात. शंभर वर्षांपूर्वीच्या गावच्या दप्तरात माणूस त्याच्या आणि बापाच्या नावाने ओळखला जातो, 'रामा बिन गोविंदा' असा. बाई 'भ्रतार' किंवा 'कोम' लावून नवऱ्याच्या नावाने येते. आडनाव असलं तर असलं. बऱ्याच घरांत ते कायमचं चिकटलं शाळेच्या नाहीतर गिरणीच्या रजिस्टरमध्ये, आणि तिथे जो जे सांगेल ते लिहिलं गेलं. थोरल्याने घराण्याचं नाव सांगितलं, धाकट्याने गावाच्या नावाला 'कर' लावलं. सख्खे भाऊ, आडनावं दोन.

म्हणून आधी गाव पक्कं करा, मग वाडी, मग माणूस. गाव ठाऊक नसेल तर चाळीतून सुरुवात करा. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या असायच्या, पंधरा-वीस बाप्ये एका खोलीत, जेवण खानावळीत. त्या गावांची ग्रामस्थ मंडळं आजही आहेत. जुन्या वर्गणीच्या वह्या मिळाल्या तर वाडीनिहाय नावं मिळतात. आजोबा मुंबईत शिकले असतील तर त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, नुसता दाखला नको. रजिस्टरमध्ये 'पूर्वीची शाळा' असा रकाना असतो आणि तो तुम्हाला सरळ गावच्या शाळेच्या दारात नेतो. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा. त्यानंतर नोकरीत असलेल्या माणसाचा नामनिर्देशनाचा अर्ज घरातल्या ट्रंकेत असेल तर त्यात वारसांची नावं आणि नाती असतात. ट्रंक न उघडता तहसील गाठणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

अ.पा.क. आणि ए.कु.मॅ. न वाचणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या दोन अक्षरपुंजक्यांनी जितकी घराणी इकडची तिकडे केली तितकी कुणी केली नसतील.

डोंबिवलीचा एक तरुण. पणजोबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गाव पाटण तालुक्यातलं. तो माझ्याकडे आला तेव्हा वंशावळ तयार होती, लॅमिनेशन केलेली. फक्त 'एकदा नजर टाका' म्हणत होता. १९२० च्या दशकातल्या हक्कपत्रकाच्या, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर ते सांगणाऱ्या दप्तराच्या, नकलेत त्याला पणजोबांचं नाव सापडलं होतं आणि त्यापुढे होतं 'अ.पा.क.' आणि आणखी एक नाव. त्याने ते पुढचं नाव बापाचं धरलं. त्या माणसाची स्वतःची जमीन शेजारच्या गावात निघाली, तिथे त्याचा बाप, आजा सगळे फेरफारात, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीत सापडले, आणि झाडाला भराभर फांद्या फुटल्या. प्रकरण इथवर थांबलं नाही. कुटुंब त्या गावी जाऊन देवाला अभिषेक करून आलं, तिथल्या लोकांना 'भाऊबंद' म्हणून मिठ्या मारून आलं, व्हॉट्सअॅपवर गटही निघाला.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे इथे वयाने लहान. ज्याच्या नावापुढे ही अक्षरं आहेत तो मुलगा सज्ञान नाही आणि पुढचं नाव त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचं. तो चुलता असेल, आई असेल, आजा असेल. बाप असता तर जमीन बहुधा बापाच्याच नावावर राहिली असती. पोराचं नाव एवढ्या लहानपणी उताऱ्याला लागलं, याचाच अर्थ बाप गेला असण्याचा संभव दाट.

आम्ही मागे गेलो. उताऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो, तो घेतला आणि त्या फेरफाराचा मजकूर काढला. बाप मयत, वारस मुलगा अज्ञान, आणि पालनकर्ता मामा. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, बापाचा मृत्यू १९१८ च्या साथीच्या दिवसांतला, कारणाच्या रकान्यात 'ताप'. गटात हे टाकल्यावर घरातल्या आत्याबाईंचं उत्तर आलं, "मी तेव्हाच म्हणत होते, ते आमच्या आबांचं आजोळ आहे म्हणून." तेव्हाच म्हणत होत्या, पण म्हातारीला विचारतो कोण? लॅमिनेशन आधी झालं होतं.

माझी सवय अशी की अ.पा.क. चं नाव मी कागदावर बाजूला, वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहितो. त्याच्यापासून वर रेघ काढत नाही. फेरफाराचा मजकूर वाचल्याशिवाय नातं लिहीत नाही.

ए.कु.मॅ. ही दुसरी खोड, एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठे ए.कु.पु. असतं, म्हणजे पुढारी. थोरल्या भावाचं नाव या अक्षरांसह लागलं की बाकीचे भाऊ उताऱ्यावर दिसत नाहीत. नेमका गिरणीत गेलेला धाकटा त्यात गडप होतो. मग नातू येतात ते तावातावाने, "आमच्या पणजोबांचं नावच नाही, चुलत्यांनी जमीन लाटली." लाटलीही असेल, मी कुणाची वकिली करत नाही. पण आधी थोरला वारल्यावरची वारस नोंद आणि वाटणीचा फेरफार काढा. धाकट्याचं नाव बहुतेक तिथे भेटतं. ज्यांची तेवढी वाट पाहायची तयारी नसते ते वकिलाकडे जातात आणि पुढची वीस वर्षं तारखा मोजतात.

जन्म बापाच्या गावी शोधणं, तोही मुलाच्या नावाने

बाळंतपण कुठे व्हायचं? माहेरी. पहिलं तर हमखास. मग आजोबांचा जन्म त्यांच्या बापाच्या गावच्या कोतवाल बुकात कसा सापडेल? पणजीचं माहेर कोणतं ते विचारा आणि त्या गावचं बुक पाहा. सून मुंबईत राहत असली तरी दिवस भरत आले की गावी पाठवायची. १९२६ साली परळला वाडिया प्रसूतिगृह आणि केईएम रुग्णालय आलं, तेव्हापासून मुंबईतल्या नोंदीही पाहायला हव्यात. पण तिथे नोंद जन्म झाला त्या वॉर्डात असते, चाळ होती त्या वॉर्डात नाही.

दुसरं म्हणजे मुलाचं नाव. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्माची नोंद बारशाच्या आधी व्हायची. त्यामुळे तिथे बहुधा 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं आणि बापाचं नाव. नावाने पानं चाळणारी माणसं आपल्याच आजोबांच्या ओळीवरून पुढे जातात.

मृत्यूचंही तसंच. गिरणीतला माणूस खोकत खोकत शेवटी गावी जायचा. मुंबईचा मृत्यू दाखला मिळत नाही म्हणून डोकं धरून बसण्यापेक्षा गावचं बुक मागा.

१ जूनवर विश्वास ठेवणं

शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर १ जून टाकायचे. अर्धा महाराष्ट्र त्या दिवशी जन्मला आहे. ती तारीख वर्षाच्या अंदाजापुरती घ्या. गिरणीच्या तिकिटावरचं वय तर त्याहून सैल, आणि बदलीवर दुसऱ्याच्या नावाने काम केलेलीही माणसं होती.

आजचा गट नंबर जुन्या कागदात शोधणं

ही चूक देशावरच्यांची. १९४७ च्या कायद्याने जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करायची एकत्रीकरण योजना आली आणि ती जिथे लागू झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट २१२ आणि जुना सर्व्हे २१२ यांचा काडीचा संबंध नसतो. १९३० च्या फेरफारात २१२ शोधून परक्याचं घराणं घरी आणणारे मी पाहिले आहेत. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा तक्ता घ्या, कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते जुळवा, मगच मागे चला.

कोकणातल्यांनी सातबारा १९५० च्या मागे ताणणं

रत्नागिरीकडे खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत गोळा करायचा; ती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधी जमिनीवर खोताचं नाव, तुमचे पणजोबा कूळ, म्हणजे ती कसणारे. त्यांना मालकांच्या यादीत शोधू नका. कूळ कायद्यातल्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरची, म्हणजे कूळ मालक मानलं गेलं त्या दिवसानंतरची, कलम ३२ ग ची प्रकरणं आणि ३२ म चं खरेदीचं प्रमाणपत्र पाहा. कित्येक कष्टकरी घरांची जमिनीवरची पहिली मालकीची नोंद तीच. त्याच्या आधीसाठी जुन्या पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव येतं.

आणि जमीन नव्हतीच तर? मग सातबाऱ्यावर वेळ घालवू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, शाळेचं रजिस्टर आणि कोतवाल बुक, या तिघांवर काम भागतं. महार वतन असलेल्या घरांनी मात्र वतनाचे जुने कागद जरूर मागावेत. ती वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, पण त्याआधीच्या कागदांत हिस्सेदारांची नावं असतात. "आमच्याकडे जमीन नव्हती, म्हणजे कागदही नसणार" असं स्वतःच ठरवून बसलेली माणसं मला सगळ्यात जास्त चटका लावतात.

बारीकसारीक

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. त्याआधीच्या कागदावर रत्नागिरी असेल, आणि सावंतवाडीकडचे असाल तर १९४८ पर्यंत संस्थान. रायगड पूर्वी कुलाबा होता.

शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुली दप्तरातलं साल असेल तर ५९० किंवा ५९१. फसली १३२० हे वाचून तेराव्या-चौदाव्या शतकात पोहोचलेले एक गृहस्थ मला अजून आठवतात.

फोटो आपल्या ओळीपुरता काढू नका. अख्खं पान घ्या, वरच्या मथळ्यासकट. गाव, साल आणि नमुना तिथे असतो. नंतर नुसती ओळ घेऊन आलात तर ती कोणत्या गावची हे ब्रह्मदेवही सांगणार नाही.

मोडी दिसली की घाबरू नका आणि मोबाइलमधल्या अॅपवरही विसंबू नका. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, आणि त्याला अपेक्षित उत्तर आधी सांगू नका. 'इथे आमचंच नाव आहे ना?' असं विचारलं की तेच नाव दिसायला लागतं.

जात पडताळणीवाल्यांसाठी: 'जुना कागद' म्हणजे तुमच्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने धरलेल्या तारखेआधीचा. अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटके २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास १३ ऑक्टोबर १९६७. हे न पाहता १९७२ चा दाखला घेऊन रांगेत उभं राहू नका.

माहितीच्या अधिकारात "माझ्या पूर्वजांची संपूर्ण माहिती मिळावी" असा अर्ज करू नका. गाव, नमुना, साल, फेरफार नंबर लिहून नकलेचा अर्ज द्या, नाहीतर अभिलेख पाहणीची परवानगी मागा आणि स्वतः बसून पानं उलटा. मार्चअखेर आणि निवडणुकीच्या तोंडावर जाऊ नका, रेकॉर्ड रूममध्ये कुणी भेटणार नाही.

राहिले तहसीलबाहेरचे एजंट. आठ दिवसांत सात पिढ्या देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, प्रत्येक पिढीला कोणत्या फेरफाराची नक्कल जोडणार? तो विषय बदलेल. चहाचे पैसे देऊन या.