कॉलेज सांभाळून मिस इंडियाची तयारी: तासांचं गणित आणि फोटोपुरत्या समाजकार्याचा सापळा

आधी आठवड्याचा हिशोब कागदावर मांड. १६८ तासांतून रोजची सात तास झोप वजा केली की ११९ उरतात. कॉलेजचे ३० आणि डोंबिवली-बदलापूरहून येत असशील तर लोकलचे १५, असे ४५ गेले. अभ्यासाला १८. जेवणखाण, आवरणं, घरातली कामं मिळून २४. इंटर्नशिपला १२. राहिले २०. त्यातून व्यायामाला ६, हिल्सवर (उंच टाचांच्या चपलांवर) चालण्याच्या सरावाला ३, बातम्या वाचणं आणि बोलण्याचा सराव याला ४, समाजकार्याला ४. हातात उरतात फक्त ३ तास, आणि त्यात आजारपण, पाहुणे आणि रविवारचा लोकलचा मेगाब्लॉक बसवायचा आहे.

"जमेल गं, करू मॅनेज" म्हणणाऱ्या बहुतेक मुलींनी हे गणित कधी मांडलेलंच नसतं. मग कात्री लागते ती झोपेला. झोप पाच तासांवर आली की पहिला परिणाम चेहऱ्यावर दिसतो, दुसरा परीक्षेत. म्हणून झोपेचे तास आधी लिही, शाईने लिही, बाकीचं त्यानंतर.

पण घाबरू नकोस, हे जमतं. रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाली तेव्हा ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. गोव्याचं कुटुंब, मुंबईत वाढलेली मुलगी. मुकुटाचं वर्ष संपल्यावर तिने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि डॉक्टरकीच केली. २०१७ ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लर हीसुद्धा वैद्यकीय विद्यार्थिनीच होती, आणि तिचा सामाजिक प्रकल्प मासिक पाळीतल्या स्वच्छतेवरचा होता. प्रकल्प अभ्यासाच्या शेजारचा आहे, हे नीट बघ. शिक्षण, इंटर्नशिप आणि समाजकार्य अशी तीन वेगळी दुकानं उघडलीस तर वरच्या हिशोबात ती मावणार नाहीत. तिन्ही एकाच विषयाभोवती असतील तर मावतात.

हजेरीचं थोडक्यात सांगते. सत्रात ९० दिवस शिकवणं झालं तर ७५ टक्के म्हणजे ६८ दिवस. तुझ्या हातात २२ दिवस आहेत असं वाटतं, पण बऱ्याच कॉलेजांत हजेरी विषयवार मोजतात. ग्रूमिंगचा (स्पर्धेसाठी चालणं-बोलणं-दिसणं घडवण्याचा) वर्ग दर बुधवारी लावलास तर बुधवारीच असणारा विषय थेट डिफॉल्टरच्या यादीत जातो, एकूण हजेरी उत्तम असूनसुद्धा. त्यामुळे सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटून घे. युवा महोत्सवासाठी कॉलेजकडून गेलं की हजेरी लागते, तशी खासगी सौंदर्यस्पर्धेची आपोआप लागत नाही. आधी अर्ज देऊन प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते. खोटं मेडिकल सर्टिफिकेट देऊ नकोस. ऑडिशनचे फोटो त्याच दिवशी इन्स्टाग्रामवर असतात आणि सर-मॅडम इन्स्टाग्राम बघतात. एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, की तो पुढच्या सत्रात तिथल्या अभ्यासावर येऊन बसतो, आणि ऑडिशनच्या तारखा परीक्षेचं वेळापत्रक बघून ठरत नाहीत.

इंटर्नशिपचं गणित त्यामानाने सोपं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत ओजेटीला (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे इंटर्नशिप) चार श्रेयांक (क्रेडिट) असतात. एका श्रेयांकाचे ३० तास, म्हणजे एकूण १२०. आठवड्याला १२ तास दिलेस तर दहा आठवडे लागतात. सुट्टीत रोज सहा तास दिलेस तर २० दिवसांत संपते. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण सत्र चालू असताना इंटर्नशिप केली की दोन्हीकडचं अर्धवट राहतं. रुजू होतानाच विचारून घे की शेवटच्या पत्रावर एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहून मिळेल का. नुसतं "उत्तम काम केले" असं लिहिलेला कागद विभागप्रमुख परत पाठवतात.

आता सापळा. इथे मी लांबण लावणार आहे, कारण हुशार, कष्टाळू मुली इथेच अडकतात. कोणीतरी सांगतं की जागतिक स्पर्धेत सामाजिक कामाला मान असतो, 'ब्यूटी विथ अ पर्पज', म्हणजे सौंदर्याला समाजकार्याची जोड, हा मिस वर्ल्डचा कणाच आहे. हे खरंच आहे. मग अर्ज भरायच्या दोन महिने आधी धावपळ सुरू होते. एका रविवारी बालगृह, पुढच्या रविवारी वृद्धाश्रम, मग झोपडपट्टीत पॅडवाटप. प्रत्येक ठिकाणी दोन तास आणि चाळीस फोटो.

पहिली गोष्ट कायद्याची. बालगृहातल्या मुलाचा चेहरा, नाव किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अधीक्षकांनी तोंडी "काढा फोटो" म्हटलं तरी ही मनाई उठत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मुलांना दर रविवारी नवी ताई येते, मिठी मारते, केक कापते आणि परत कधीच येत नाही. ते त्यांना लागतं. तुझ्या प्रोफाइलसाठी हे करू नकोस, कृपा करून.

दुसरी गोष्ट पैशांची. मैत्रिणींकडून, सोसायटीतून स्वतःच्या जीपेवर देणगी गोळा करायची नाही. सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर धर्मादाय आयुक्तांना आधी कळवावं लागतं. गणेश मंडळं वर्गणीची परवानगी काढतात ती याचसाठी. नोंदणीकृत संस्थेसोबत काम कर आणि पावती तिच्या नावाने जाऊ दे.

तिसरी गोष्ट मुलाखतीची. परीक्षकांचा पहिला प्रश्न सगळ्यांनाच जमतो. अडतं ते पुढच्या प्रश्नाला. "मी २०० मुलींना पॅड वाटले." बरं, पुढच्या महिन्यात त्यांनी काय वापरलं? एका पाळीचे पाच दिवस आणि दिवसाला चार पॅड धरले तर महिन्याला २० लागतात, वर्षाला २४०. आठ पॅडचं पाकीट म्हणजे दोन दिवसांची सोय. जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड एक रुपयाला मिळतो, म्हणजे ३० मुलींचा वर्षाचा खर्च ७,२०० रुपये. तो कोण देणार? वापरलेले पॅड कुठे टाकणार? कापडी पॅड द्यायचे तर धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन हवं. दहा बाय दहाच्या खोलीत दोरीवर सगळ्यांसमोर ते वाळत घालता येतात का? ही उत्तरं इंटरनेटवर सापडत नाहीत. त्या वस्तीतल्या आशाताईसोबत (आशा आरोग्यसेविकेसोबत) चार-सहा वेळा फिरलं की आपोआप कळतात, आणि मग मुलाखतीसाठी वेगळं पाठांतर लागत नाही.

म्हणून माझा आग्रह राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे कॉलेजातल्या एनएसएसचा. एनएसएसला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. वरच्या हिशोबातले आठवड्याचे ४ तास धर. ३० आठवड्यांत १२० होतात. वेगळा वेळ लागत नाही, प्रमाणपत्र विद्यापीठाचं मिळतं, आणि कामासाठी दत्तक घेतलेली वस्ती एकच असेल तर दोन वर्षं तीच माणसं भेटतात. वाणिज्य शाखेची असशील तर बचतगटाच्या वह्या लिहायला मदत कर, आयटीची असशील तर आजी-आजोबांना मोबाइलवरची फसवणूक ओळखायला शिकव. दोन वर्षं उरली नसतील तर सहा महिने दे, पण एकाच जागी. आणि स्पर्धेत "मी सहा महिने झाले करतेय" असंच सांग. खरा छोटा आकडा कुठेही उभा राहतो.

ग्रूमिंगवाल्यांबद्दल माझं मत कडक आहे. "फायनलपर्यंत नेतो" अशी हमी देणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस. नोंदणी फी घेऊन प्रत्येक मुलीला एकेक उपाधी वाटणाऱ्या गल्लीबोळातल्या स्पर्धाही टाळ. आवाज, श्वास आणि मंचावर उभं राहणं शिकायचं असेल तर कॉलेजच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये जा. पुरुषोत्तम करंडकाच्या (आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या) तालमीत जे घोटून घेतात ते महागड्या वर्गात मिळत नाही. इंग्रजीची भीती असेल तर उत्तर आधी मराठीत विचार करून साठ सेकंदांत सांगायचा सराव कर. विचार स्पष्ट नसेल तर कुठलीच भाषा मदतीला येत नाही, आणि जागतिक स्पर्धांत दुभाषी घेता येतो.

हिल्स संध्याकाळी विकत घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं कळतं. रोज पंचवीस मिनिटं टणक फरशीवर चाल, नंतर पोटऱ्या ताण. लोकल स्टेशनच्या जिन्यावर सराव नको. उपाशी राहून बारीक होऊ नकोस. आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा, डाएट चार्ट नंतर. पाळी चुकायला लागली तर व्यायाम आणि उपास दोन्ही थांबव. भाकरी, उसळ, अंडी, दही खाऊन चेहरा बिघडत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत नवं क्रीम किंवा नवं फेशिअल तर मुळीच नको.

एक शेवटचं काम अर्ज भरण्याआधीच कर. विजेतीला साधारण वर्षभर आयोजकांच्या कार्यक्रमांना बांधून घेणारा करार असतो. तो पूर्ण वाच, वकिलीच्या शेवटच्या वर्षातल्या एखाद्या ताईला दाखव, आणि कामाचं बंधन किती काळ, कमाईतला वाटा किती, परीक्षेसाठी सुट्टी मिळणार का, हे तीन मुद्दे लेखी विचार. मग परीक्षा विभागात जाऊन वर्ष मध्ये सोडलं तर पुन्हा प्रवेश कोणत्या सत्रात मिळतो आणि तोवर अभ्यासक्रम बदलला तर कोणते विषय नव्याने द्यावे लागतात, हे लिहून आण.