रेल्वे चालवताय? मग प्रदूषण कमी करायची सुरुवात यार्डातून करा

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं, घर्षण कमी, म्हणून ट्रेन ट्रकपेक्षा बरी हे खरंच आहे, पण तेवढ्यावर ऑपरेटरने हात झटकून चालत नाही. बहुतेक जण स्टेशनच्या छपरावर सोलर पॅनेल लावतात, फोटो काढतात आणि झालं. माझं मत विचाराल तर आधी वीज-डिझेल मोजणारा मीटर लावा, प्रत्येक इंजिनाला आणि डेपोला वेगळा.

मग रात्री २ वाजताचं रीडिंग बघा. साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या रिकाम्या गाडीत एसी, दिवे सगळं चालू असतं, कारण बंद करणं हे कुणाचंच काम नसतं! ते काम कुणाला तरी नेमून द्या, नाहीतर ऑटोमॅटिक पार्किंग मोड बसवा. डिझेल इंजिनं तर तासन्‌तास उभ्या जागी धडधडत राहतात, थंडीत आतलं पाणी गोठेल या भीतीने. त्याला बाहेरून वीज देऊन चालणारा हीटर किंवा छोटं सहायक इंजिन लावता येतं. १ लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हिशेब तुम्हीच करा.

दुसरं म्हणजे ड्रायव्हरचा हात. पुढे थांबायचंच आहे तर आधीच पॉवर काढून गाडी नुसती घरंगळू द्यायची, याला कोस्टिंग म्हणतात. पण टाइमटेबलमध्ये एखादा मिनिट सैल ठेवला नसेल तर ड्रायव्हर बिचारा काय करणार, तो पळवणार आणि मग करकचून ब्रेक मारणार. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे टॉप स्पीड जरासा उतरवला तरी बिलात फरक दिसतो.

ब्रेक मारताना मोटर जनरेटर होते आणि वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते, ते रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. यात एक मेख आहे. डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) लाइनवर त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी वीज ओढत नसेल तर ही परत आलेली वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जाते. म्हणून एक गाडी थांबताना दुसरी सुटेल असं टाइमटेबल जुळवा, नाहीतर सबस्टेशनला ती वीज साठवणारी बॅटरी किंवा ग्रिडला परत देणारा इन्व्हर्टर बसवा. एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) लाइनवर वीज ग्रिडला परत देणं त्यामानाने सोपं.

वायर नसलेल्या छोट्या मार्गांवर बॅटरी ट्रेन बघा. हायड्रोजन ट्रेन जर्मनीत २०१८ पासून प्रवासी घेऊन धावल्यात, पण विजेपासून हायड्रोजन आणि त्यातून पुन्हा वीज करताना निम्म्याहून जास्त ऊर्जा जाते, त्यामुळे मी तरी बॅटरीलाच आधी संधी देईन.

बाकी गाड्या धुतलेलं पाणी गाळून परत वापरा, टॉयलेटला टाकी लावा, कास्ट आयर्नचे ब्रेक ब्लॉक काढून कंपोझिट लावा म्हणजे चाकं गुळगुळीत राहतात आणि आवाज कमी होतो. आणि स्विचगिअरमधला (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांमधला) एसएफ६ गॅस गळत नाही ना ते तपासाच, तो कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटीहून जास्त पृथ्वी तापवतो.