बेसलाइनचा हिशेब: क्लिनिकल ट्रायलच्या विश्लेषणात या चुका टाळा

गणपती गेले की रत्नागिरीत माझ्याकडे प्रबंधवाले डॉक्टर यायला लागतात. एक्सेल प्रत्येकाची वेगळी, चूक तीच: दोन्ही गटांत ‘आधी’ (म्हणजे बेसलाइन, औषध सुरू होण्यापूर्वीचा आकडा) आणि ‘नंतर’ची स्वतंत्र टी-टेस्ट, म्हणजे सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी.

एकदा रक्तदाबाचा डेटा आला. औषधाच्या गटात पी (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३, कंट्रोलमध्ये, म्हणजे हे औषध न दिलेल्या गटात, ०.०८. “सर, औषध लागू पडलं!” मी विचारलं, दोन गटांमधला फरक कुठाय? तो काढलाच नव्हता. एक पी ०.०५च्या रूढ मर्यादेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे, एवढ्यावरून गटागटांतला फरक सिद्ध होत नाही. शिवाय दाब दोन्हीकडे उतरलेला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिल्या दिवशी माणसं फेरीबोटीतून उतरून, चढण चढून धापा टाकत आली की लगेच दंडाला पट्टा. पुढच्या भेटींना मात्र सिस्टर पाच मिनिटं बसवायच्या. त्यात निवडलेले सगळे १४०च्या वरचे. असा चढा आकडा पुढच्या खेपेला औषधाविनाही उतरतो. गॉल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं. शेवटचा दाब परिणाम म्हणून, बेसलाइन कोव्हेरिएट (हिशेबात धरायचा आधीचा घटक) म्हणून घेऊन अ‍ॅन्कोव्हा लावला, म्हणजे सुरुवातीचा फरक जमेस धरून गटांची तुलना केली. गटांतला फरक जेमतेम दोन मिमी, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक जिथे असू शकतो तो पट्टा) शून्याच्या दोन्ही बाजूंना. डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटच्या आकड्यातून बेसलाइन वजा करून नुसत्या वजाबाकीवर भागवणारेही बरेच. दोन्ही वेळचा पसारा सारखा आणि सहसंबंध ०.५ असेल, तर वजाबाकीने व्हेरिअन्स (पसाऱ्याचं माप) तसूभर घटत नाही. अ‍ॅन्कोव्हाने २५ टक्के घटतो. सहसंबंध त्याहून कमी असला तर वजाबाकी करून उलट नुकसानच.

टक्केवारीतला बदल? नको.

बेसलाइनच्या तक्त्यात पी-व्हॅल्यू छापू नका. रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी) नीट झालं असेल तर तिथला फरक योगायोगाचाच असतो, मग तपासता काय? कोव्हेरिएट कोणते घेणार ते डेटा उघडण्याआधी लिहून ठेवा. औषध सुरू झाल्यानंतर मोजलेलं काहीही त्यात घालू नका.

एका माणसाच्या चार भेटी म्हणजे चार माणसं नव्हेत. मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाचे आकडे एकमेकांशी जोडलेले धरणारं) वापरा, आणि त्यात बेसलाइन व भेटीचं इंटरॅक्शन ठेवा, म्हणजे बेसलाइनचा प्रभाव प्रत्येक भेटीला वेगळा असू द्या, कारण पहिल्या आकड्याचा प्रभाव सहसा भेटीगणिक ओसरतो.

मी स्वतः कुठलंही मॉडेल लावण्याआधी आलेख काढतो: आडवी बेसलाइन, उभी शेवटची भेट, दोन गटांना दोन रंग. “सर, बटण कुठलं दाबायचं तेवढं सांगा” म्हणणाऱ्यांनाही आधी हाच काढायला बसवतो. निम्मे परत येत नाहीत.