जीडीएचा फॉर्म भरण्याआधी

सुदामा नगरात आमच्या गल्लीतल्या तीन मुली वर्षभरात एकच पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. 'सहा महिन्यांत नर्स व्हा.' मावशी बत्तीस वर्षं वॉर्डात होत्या, त्यांना विचारू, म्हणून. चौथी यायच्या आत सगळं लिहूनच ठेवते.

आधी पत्रकावरचा शब्द तपासा. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफ) कोर्सला दोन वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंग-मिडवाइफरी) डिप्लोमाला तीन, बीएस्सी नर्सिंगला चार, आणि वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. काही महिन्यांत होतो तो जीडीए, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. पेशंटला पुसून घेणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, भरवणं, टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजून लिहिणं ही त्याची कामं. इंजेक्शन त्यात नाही. घाईत कोणी 'एवढं देऊन टाक गं' म्हणालं तरी नाही. अमेरिकेत साधारण हेच काम करणाऱ्याला सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट म्हणतात. तिथे किमान 75 तासांचं प्रशिक्षण, त्यातले 16 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, मग परीक्षा आणि राज्याच्या यादीत नाव. काकू न्यू जर्सीत आहे म्हणून इथलं सर्टिफिकेट तिथे चालणार नाही, परीक्षा तिथलीच द्यावी लागते.

कागद म्हणजे आधार, दहावीची मार्कशीट, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), पासबुक, फोटो. पण आपल्या मराठी घरांत खरा घोळ नावाचा असतो. आधारवर मधे वडिलांचं नाव, मार्कशीटवर ते गायब, आणि हिंदीत 'ळ' नसल्यामुळे काळेचं काले झालेलं. लग्न झालं असेल तर तिसरंच आडनाव. सर्टिफिकेटवर चुकीचं नाव आलं की पुढे वर्षानुवर्षं शपथपत्रं करत बसावं लागतं. फॉर्म भरायच्या आधी सगळीकडे नाव एक करून घ्या.

पैसे भरायच्या आधी इन्स्टिट्यूटला दोन गोष्टी विचारा. सर्टिफिकेट कोण देणार? हेल्थकेअर सेक्टर स्किल काउन्सिलचं असेल तर ते लेखी दाखवा म्हणावं. प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात? नाव सांगितलं तर त्या हॉस्पिटलात जाऊन खात्री करा. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतल्या सेंटरवर प्रशिक्षणाची फी नसते. मागितली तर उठून या. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी होऊन गेली आहे, तेव्हा चौकशा करायला लाजू नका.

हिपॅटायटिस बीची लस आजच सुरू करा. दुसरा डोस महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी, म्हणजे कोर्स संपत आल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

सामानात सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ, पुढून बंद बूट, खिशात वही. नखं कापलेली, अंगठी-बांगड्या घरी. सासूबाई बांगड्यांवरून बोलतील. त्यांना सांगा, साबणाने हात 40 ते 60 सेकंद मनगटापर्यंत धुवायचे असतात, बांगडीखाली जंतू राहतात. मंगळसूत्र ड्रेसच्या आत राहू द्या, लोंबलं तर पेशंट ओढतो.

आता खरी तयारी, जी पत्रकात नसते. घरी पलंगावर भावाला निजवा आणि त्याला न उठवता खालची चादर बदलून पाहा. एका कुशीवर वळवायचं, अर्धी चादर गुंडाळून पाठीशी सारायची, नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा. पलंगाला चिकटून उभ्या राहा. सत्तर किलोचा माणूस दर दोन तासांनी वळवायचा असतो, नाहीतर माकडहाडावर बेडसोर, म्हणजे सतत दाबाने पडणारी जखम, होतो. कंबर पहिल्याच वर्षी गेलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि चूक दर वेळी हीच, पाठ वाकवायची. आजोबांची परवानगी घेऊन पूर्ण मिनिट नाडी मोजा. 60 ते 100 ठीक. 58 आली तर 58च लिहायची, मनाने 72 नाही. कचऱ्याचे रंगही पाठ करा: रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुई टोचलीच तर हात साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सिस्टरला सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, म्हणून रागावतील या भीतीने लपवू नका.

नाइट ड्यूटीचं घरी आधीच बोला. रात्री आठला सोडायला कोण, सकाळी आणायला कोण, दिवसा झोपायला खोली कुठली. 'लोकांची घाण काढते' हे वाक्यही घरातूनच येणार आहे, उत्तर तयार असू द्या.

पुढचं म्हणाल तर हॉस्पिटल, डायलिसिस सेंटर, वृद्धाश्रम, घरची अटेंडंटची कामं असतात. एजन्सीमार्फत घरी जाणार असाल तर तास, सुट्टी, जेवण आणि एजन्सीचं कमिशन लिहून घ्या; 'घरातल्यासारखीच राहा' म्हणणारे भांडीही घासायला लावतात. नर्स व्हायचंच असेल तर बारावी आत्ताच पुरी करा. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, आणि जीडीएचा अनुभव कितीही असला तरी त्यातलं वर्ष वजा होत नाही.

आणि पहिला आठवडा डब्यात कोरडं काहीतरी न्या. पिवळं वरण नको. का, ते दुपारपर्यंत कळेल.