मोठी कंपनी की स्टार्टअप: मार्केटिंगची ऑफर कशी तपासायची

दोन ऑफर हातात आल्या की बहुतेक जण पगार, कंपनीचं नाव आणि पदनाम यांची तुलना करतात. यात पदनामाचा उपयोग सर्वांत कमी. 30 जणांच्या स्टार्टअपमधला ‘मार्केटिंग हेड’ दिवसभर स्वतःच जाहिराती लावत बसलेला असू शकतो, तर मोठ्या कंपनीतला ‘असिस्टंट ब्रँड मॅनेजर’ वर्षभराचं बजेट सांभाळत असतो. तुलना करायची ती एकाच गोष्टीची: पुढची दोन वर्षं कोणते निर्णय तुम्ही घेणार, आणि ते चुकले तर का चुकले हे सांगणारं कोणी तिथे आहे का?

हे काढून घ्यायला मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारा: “अलीकडचं एखादं कॅम्पेन घ्या आणि कल्पना सुचल्यापासून लोकांसमोर जाईपर्यंत काय काय झालं ते सांगा.” ऐकताना लिहून घ्या. किती दिवस गेले, किती मंजुऱ्या लागल्या, मजकूर कोणी लिहिला, पैसे कुठे लावायचे हे कोणी ठरवलं, निकाल कोणत्या आकड्यावर मोजला. तीन महिने आणि सात मंजुऱ्या लागल्या म्हणून जागा वाईट ठरत नाही. दोन दिवसांत लाइव्ह गेलं म्हणून चांगलीही ठरत नाही. पण निकालाबद्दल “छान रिस्पॉन्स मिळाला” याच्यापुढे कोणाला काही सांगता आलं नाही, तर तिथे मार्केटिंग शिकायला मिळणार नाही, मग कंपनी कितीही मोठी असो.

मोठ्या कंपनीत टीम कोणती, हे कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचं. 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीत तिथले कर्मचारी नील मॅकएलरॉय यांनी लिहिलेल्या टिपणातून ब्रँड मॅनेजरची पद्धत रुजली: एका ब्रँडची सगळी जबाबदारी एका माणसाकडे. ती पद्धत जिथे खरोखर चालते, तिथे किंमत, पॅकिंग, वितरण, जाहिरात आणि नफा यांचा मेळ कसा बसतो हे आतून कळतं. याउलट एखाद्या टीममध्ये तुमच्या वाट्याला फक्त ईमेल किंवा फक्त इव्हेंट येतात आणि तीन वर्षांनंतरही बजेट कसं ठरतं हे कळत नाही. म्हणून विचारा: या पदावरचा माणूस वरिष्ठांना न विचारता किती रक्कम खर्च करू शकतो? आधीची माणसं इथून कुठल्या पदावर गेली? विभाग बदलायचा तर किती काळ थांबावं लागतं?

स्टार्टअपची तपासणी जास्त खोलात करावी लागते, कारण तिथे चूक लवकर अंगावर येते. पहिला प्रश्न उत्पादनाचा. लोक एकदा वापरून निघून जात असतील तर मार्केटिंगने फक्त निघून जाणाऱ्यांची संख्या वाढते, आणि खापर मात्र मार्केटिंगवर फुटतं. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या ग्राहकांपैकी आज किती टिकून आहेत, हे थेट विचारा. स्टार्टअपच्या मार्केटिंगमधले जाणकार शॉन एलिस यांची कसोटीही उपयोगी आहे: हे उत्पादन उद्या बंद झालं तर “खूप निराश होऊ” असं किमान 40 टक्के वापरणारे म्हणतात का? फाउंडरने असं काही कधी विचारलेलंच नसेल, तर ते काम तुमचं पहिलं काम असेल. मान्य असेल तरच पुढे जा.

दुसरा प्रश्न रनवेचा, म्हणजे हातातले पैसे किती महिने पुरतील याचा. बँकेतली शिल्लक भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, म्हणजे उरलेले महिने. नवी गुंतवणूक उभी करायला बऱ्याचदा सहा महिने जातात, त्यामुळे रनवे नऊ महिन्यांचा असेल तर निवांत काम करायला जेमतेम तीनच मिळतात. पैसे आटले की जाहिरातीचं बजेट लगेच कापलं जातं, आणि बजेटच नसेल तर मार्केटिंगच्या माणसाची गरज काय, असा प्रश्न त्यामागून येतोच. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

तिसरा प्रश्न अपेक्षांचा, आणि इथेच सर्वाधिक भांडणं होतात. पहिला मार्केटिंगवाला म्हणून घेतात आणि सोशल मीडिया, सेल्सचं प्रेझेंटेशन, भरतीच्या पोस्ट असं सगळं गळ्यात पडतं. कंपन्यांना विकायचं उत्पादन असेल तर सौदा पक्का व्हायला काही महिने लागतात. पहिल्या महिन्यातल्या कामाचं फळ सहाव्या महिन्यात दिसू शकतं. फाउंडर मात्र 30 दिवसांत लीड, म्हणजे संभाव्य ग्राहक मागतो. रुजू होण्याआधीच 90 दिवसांसाठी एक मुख्य आकडा आणि दोन-तीन कामं ईमेलवर ठरवून घ्या.

“स्टार्टअपमध्ये भरपूर प्रयोग करायला मिळतात” हे वाक्य आकड्यांवर घासून पाहा. समजा वेबसाइटवर येणाऱ्यांपैकी 3 टक्के लोक नोंदणी करतात आणि ते प्रमाण 3.3 टक्क्यांवर गेलं का हे ए/बी टेस्टने, म्हणजे पानाच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून, खात्रीने ओळखायचं आहे. नेहमीच्या निकषांनी त्यासाठी प्रत्येक आवृत्तीला साधारण 52,000 भेटी लागतात. दोन आवृत्त्या, दिवसाला 500 भेटी, म्हणजे जवळपास सात महिने. इतक्या लहान जागी बारीक टेस्टिंग शिकता येत नाही; तिथे शिकायचं ते ग्राहकाशी बोलून संदेश मुळातून बदलणं. टेस्टिंगमध्येच करिअर करायचं असेल तर मोठी वर्दळ असलेली कंपनी घ्या.

करिअरची पहिलीच नोकरी असेल, तर आमचा कौल अनुभवी मार्केटरच्या हाताखाली काम मिळेल त्या जागेला. ती बहुधा मोठ्या कंपनीत सापडते, पण नेहमीच नाही. पाच-सात वर्षं मोठ्या कंपनीत काढून स्टार्टअपकडे वळणाऱ्यांनी आधी स्वतःला तपासावं: एजन्सी नसताना जाहिरातीचा मजकूर लिहिणं, लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) उभं करणं आणि डेटा काढणं एका आठवड्यात जमतं का?

पगारातली तूट शेअर ऑप्शनने (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काने) भरून निघेल असं सांगितलं, तर नुसत्या संख्येवर भुलू नका. 10,000 ऑप्शन म्हणजे किती, हे एकूण शेअर किती यावर ठरतं. सर्व ऑप्शन धरून एकूण 1 कोटी असतील तर तुमचा हिस्सा 0.1 टक्का. गुंतवणुकीच्या पुढच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक वेळी 20 टक्के हिस्सा नव्या भागीदारांकडे गेला तर तो 0.064 टक्क्यांवर येतो, आणि कंपनी विकली गेली तर बहुधा आधी गुंतवणूकदारांचे पैसे परत जातात. व्हेस्टिंग (ऑप्शनवर टप्प्याटप्प्याने हक्क मिळणं) सहसा चार वर्षांचं आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलं तर हाती शून्य. नोकरी सोडल्यावर ऑप्शन वापरून शेअर विकत घ्यायला किती दिवस मिळतात तेही बघा. बऱ्याच करारांत फक्त 90 दिवस असतात आणि तेवढ्या वेळात स्वतःच्या खिशातून रक्कम भरावी लागते. एकूण शेअरसंख्या, ऑप्शनची किंमत, व्हेस्टिंग आणि ही मुदत, चारही गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका.