‘उत्सर्जन रेषा सापडली!’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पावसाळा संपून आकाश उघडलं की आठवड्याभरात माझ्या फोनवर एक वर्णपट येतोच, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून काढलेला आलेख. लाल टोकाकडे एक टोकदार उंचवटा, त्यावर बाण आणि खाली मजकूर : ‘काका, बीई तारा सापडला!’ बीई म्हणजे भोवती वायूची चकती असलेला बी वर्गाचा तापलेला तारा; त्या वायूमुळे वर्णपटात उजळ रेषा, म्हणजे उत्सर्जन रेषा, उंचवट्यासारखी दिसते. बहुतेक वेळा सापडलेलं काहीच नसतं. पण पोरांना काय हसू? मीही हेच केलंय.

जानेवारीतली गोष्ट. मुलुंडला सोसायटीच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण, कॅमेऱ्यापुढे प्रकाश रंगांत पसरवणारी, मिलिमीटरला १०० रेघांची जाली. ययाती तारकासमूहातला एक साधा बी वर्गाचा तारा घेतला, तर ६५६ नॅनोमीटरच्या आसपास झकास उंचवटा! हायड्रोजन-अल्फा, म्हणजे हायड्रोजनची लाल रेषा, दुसरं काय असणार? रात्री दीड वाजता बायकोला उठवून दाखवला. तिने एका डोळ्याने पाहिलं आणि कूस बदलली. सकाळी आमच्या आकाशनिरीक्षक मंडळातल्या एका जुन्या माणसाला पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं : ‘जाली फिरवलीस का?’

फिरवली नव्हती. दुसऱ्या रात्री पाव फेरा फिरवून तोच तारा घेतला आणि उंचवटा गायब. प्रकाश आत घ्यायची अरुंद फट नसलेल्या जालीत प्रत्येक ताऱ्याचा वर्णपट पसरतो, पण त्याचा न पसरलेला ठिपकाही चित्रात राहतोच. शेजारच्या एका फिक्या ताऱ्याचा ठिपका नेमका माझ्या वर्णपटाच्या लाल टोकावर बसला होता. जाली फिरवली की वर्णपटाची दिशा बदलते, शेजाऱ्याचा ठिपका मात्र जागचा हलत नाही. ययाती, शर्मिष्ठा, हंस हे सगळे आकाशगंगेच्या गर्दीतले, तिथे हा धोका जास्त. तेव्हापासून प्रत्येक संशयित तारा मी जालीच्या दोन स्थितींत घेतो. ‘वेळ नव्हता’ म्हणणाऱ्याचा वर्णपट मी उघडतही नाही.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते. उंचवटा दिसला की तो ६५६.३ वर आहे असं गृहीत धरायचं, त्याच्यावरूनच तरंगलांबीची मोजपट्टी लावायची आणि मग आनंदाने सांगायचं की रेषा बरोब्बर हायड्रोजन-अल्फावर आली. येणारच ना! ज्याची चौकशी करायची त्यालाच साक्षीदार केलं. मोजपट्टी नेहमी दुसऱ्या ताऱ्यावरून लावा. मी उन्हाळ्यात अभिजित घेतो आणि थंडीत व्याध. दोघांतही हायड्रोजनच्या शोषण रेषा, म्हणजे प्रकाश गिळल्याने पडलेले खड्डे, ठसठशीत दिसतात. मग कॅमेरा आणि जालीमधलं अंतर रात्रभर हलवायचं नाही. आणखी एक पडताळा फुकटात मिळतो : आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा खड्डा ६८७च्या सुमारास दिसायला हवा. तो भलतीकडे असेल तर तुमची रेषाही भलतीच.

आता लाल तारे. एम वर्गाच्या ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे प्रकाश खातात. दोन पट्ट्यांमधला न खाल्लेला भाग उंच दिसतो, आणि नवखा त्याला उत्सर्जन म्हणतो. म्हणून आधी ताऱ्याचा वर्ग ठरवा, रेषेचं नंतर. उलट बाजूने, खरी उत्सर्जन रेषा म्हणजे बीईच असंही नाही. तिमिंगलातल्या मायरात हायड्रोजनच्या खऱ्या उत्सर्जन रेषा काही काळ दिसतात, आणि तो चांगला थंड लाल राक्षसी तारा आहे.

एका रात्रीवर ‘नाही’चा शिक्काही मारू नका. बीई ताऱ्याभोवतीची वायूची चकती येते-जाते. अनुराधा नक्षत्रातल्या डेल्टा वृश्चिकने २००० साली सगळ्यांसमोर हे करून दाखवलं. बी वर्गाच्या ताऱ्यात हायड्रोजन-अल्फाच्या जागी खड्डाही नाही नि उंचवटाही नाही, नुसतं सपाट असेल, तर मला उलट जास्त संशय येतो. मंद उत्सर्जन खड्डा बुजवत असू शकतं.

बाकीचं पटापट. फोकस ताऱ्याच्या ठिपक्यावर नको, वर्णपटाच्या लाल भागावर करा. उंचवट्याचं टोक कापल्यासारखं सपाट दिसलं तर एक्सपोजर कमी करा. फटीचा वर्णपटमापक असेल तर ५८९ची सोडियम रेषा बहुधा रस्त्यावरच्या दिव्याची, वजा करा. समुद्राकडून धुरकट हवा आली तर गच्चीवर कुढत बसू नका, शहराच्या उजेडाबाहेरच्या वांगणीची लोकल पकडा.

आणि पहिल्याच रात्री अनोळखी ताऱ्यांच्या मागे का लागता? शर्मिष्ठेतला गॅमा घ्या. इटालियन खगोलशास्त्रज्ञ फादर सेकी यांनी १८६६ साली याच ताऱ्यात उत्सर्जन रेषा पाहिली, बीई प्रकारातला हा पहिला ज्ञात तारा. डिसेंबरच्या संध्याकाळी मुंबईतून उत्तरेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो तुमच्या जालीत नीट उतरेपर्यंत मला फोन करू नका.

जूनमध्ये जाली सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात जाते, ती थेट ऑक्टोबरात बाहेर. माझी पहिली जाली प्लॅस्टिक फिल्मची होती. तिच्यावर बुरशीचा डाग दिसला म्हणून मी बनियनने पुसली. आता ती भाचरांना बल्बमधलं इंद्रधनुष्य दाखवायला उपयोगी पडते.